पिकॉर्नाव्हायरेलीज: पोलिओपासून समुद्रातल्या शैवालापर्यंत एकच कारागिरी

कोरांटी

लाळ-खुरकूत झालेली गाय, पोलिओने पाय लुळा पडलेलं मूल, पंख चुरगळलेली मधमाशी, चवळीच्या पानावरची पिवळी नक्षी आणि समुद्रातलं मरून तळाशी जाणारं एक शैवाल. या पाचांत समान काय, हा प्रश्न मी दर वर्षी पहिल्या तासाला वर्गात विचारते. "विषाणू" एवढं उत्तर येतं. ते खरं आहे, पण अर्धंच. हे पाचही विषाणू एकाच गणातले आहेत, म्हणजे नात्यातल्या अनेक कुलांच्या एका मोठ्या गटातले. त्या गणाचं नाव पिकॉर्नाव्हायरेलीज. बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं, कारण आपण विषाणूंना रोगाच्या नावाने ओळखतो आणि त्यामुळे त्यांच्यातलं नातं नजरेतून सुटतं.

आधी पाया. यांचं जनुकीय द्रव्य म्हणजे धन दिशेचा एकपदरी आरएनए. "धन दिशेचा" म्हणजे पेशीतले रायबोसोम, प्रथिनं विणणारी यंत्रं, तो जसाच्या तसा वाचू शकतात. गोवर किंवा फ्लूच्या विषाणूचा आरएनए उलट दिशेचा असतो. त्याची आधी सुलटी प्रत काढावी लागते आणि ती काढणारं यंत्र विषाणूला कवचातून सोबत आणावं लागतं. पोलिओला असलं काही सामान लागत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रयोगाने दिसलं: कवच काढून टाकलं आणि नुसता आरएनए पेशीत शिरवला, तरी नवे विषाणू तयार झाले.

नाव सरळ आहे. पिको म्हणजे अगदी लहान, पुढे आरएनए. सुमारे ३० नॅनोमीटरचं कवच, भोवती चरबीचं आवरण नाही, आत साधारण सात ते बारा हजार अक्षरांचा (न्यूक्लिओटाइडांचा) मजकूर. वनस्पतींच्या काही विषाणूंत हा मजकूर दोन तुकड्यांत असतो. पोलिओच्या कुलाचं नाव, पिकॉर्नाव्हिरिडी, १९६० च्या दशकातलं, पण वनस्पती, कीटक आणि समुद्र यांतले भाऊबंद धरून सगळ्यांचा मिळून एक गण करावा हा प्रस्ताव २००८ मध्ये आला.

आता ज्यासाठी हा धागा काढला ती गोष्ट. पोलिओचा आरएनए पेशीत गेला की रायबोसोम त्यावरून एकच लांबलचक प्रथिन विणतो, सुमारे २२०० अमिनो आम्लांचं. मग त्याच साखळीत विणलेली कात्री, म्हणजे प्रोटिएज, स्वतःला आणि बाकीच्यांना कापून सुटं करते. पुढच्या भागातून कवचाची प्रथिनं निघतात. मागच्या भागात तीन कारागीर ठरलेल्या क्रमाने बसलेले असतात: हेलिकेजसारखं (आरएनएच्या घड्या उलगडणारं) प्रथिन, मग कात्री, मग नवा आरएनए लिहिणारं पॉलिमरेज. आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला, पेशीच्या संदेशांवर असते त्या नेहमीच्या रासायनिक टोपीऐवजी, व्हीपीजी नावाचं छोटं प्रथिन चिकटलेलं असतं. पोलिओत ते अवघं २२ अमिनो आम्लांचं.

हेलिकेज, कात्री, पॉलिमरेज. हा क्रम गायीच्या विषाणूत आहे, मधमाशीच्या आहे, चवळीच्या आहे, शैवालाच्याही आहे. रोग बदलले, यजमान बदलले, मागचा कारखाना तसाच राहिला. हे पहिल्यांदा फळ्यावर ओळीने लिहून पाहिलं त्या दिवशी मी बराच वेळ खडू हातात धरून उभी होते.

---

तळटीप

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक प्राथमिक प्रश्न विचारते. एवढी लांब साखळी विणून मग कापत बसायचं कशाला? सुटी सुटी प्रथिनं थेट का बनवत नाहीत?

---

कोरांटी

प्राथमिक अजिबात नाही, हा या गणाचा गाभाच आहे. आपल्या पेशींतले रायबोसोम साधारणपणे एका संदेशावरून एकच प्रथिन करतात. सुरुवातीच्या टोकाची टोपी पकडायची, पहिली योग्य खूण शोधायची, तिथून शेवटापर्यंत विणायचं आणि उतरायचं. विषाणूला मात्र दहाबारा प्रथिनं हवी असतात आणि संदेश असतो एक. मग सगळं एका दमात विणून घ्यायचं आणि नंतर कापायचं, हा त्यावरचा तोडगा.

कापणंही एकदम होत नाही. काही जोड आधी तुटतात, काही उशिरा, आणि मधल्या टप्प्यावरच्या अर्धवट कापलेल्या तुकड्यांना स्वतःची वेगळी कामं असतात. पोलिओत कात्री आणि पॉलिमरेज जोडलेले असेपर्यंत तो जोडतुकडा आरएनएला धरून ठेवण्याचं काम करतो. तेच सुटे झाले की पॉलिमरेज लिहायला लागतं. थोड्या जागेत जास्त कामं बसवायची ही रीत मला फार सुंदर वाटते.

आणि टोपी नसताना रायबोसोम चढतो कसा? आरएनएच्या सुरुवातीला सातशेच्या वर अक्षरांचा एक भाग घड्या घालून बसलेला असतो. तो रायबोसोमला मधूनच आत घेतो. त्याला आयआरईएस म्हणतात. १९८८ मध्ये पोलिओत आणि त्याच्याच कुलातल्या दुसऱ्या एका विषाणूत तो सापडला. तोवर टोपीशिवाय सुरुवात होत नाही असंच पुस्तकांत होतं. पोलिओची दुसरी एक कात्री टोपी पकडणाऱ्या प्रथिनाला रायबोसोमशी जोडणारं पेशीचं प्रथिनच तोडून टाकते. पेशीचे स्वतःचे संदेश खोळंबतात, विषाणूचं काम चालू राहतं.

---

खिल्लारी

गुरांचा डॉक्टर आहे, म्हणून लाळ-खुरकुतीबद्दल लिहितो. प्राण्यांचा पहिला विषाणू सापडला तो हाच. १८९८ मध्ये लोफ्लर आणि फ्रॉश यांनी फोडांतला द्रव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. गाळलेल्या द्रवानेही वासरं आजारी पडली. त्या वासरांपासून पुढची, त्यांच्यापासून आणखी पुढची. नुसतं विष असतं तर दर खेपेला विरळ होत संपलं असतं. हे वाढत होतं.

रोग म्हणून तो कसा दिसतो ते सांगतो. जनावर खात नाही, तोंडातून लाळेची तार लोंबते, जिभेचं कातडं सुटून येतं, खुरांच्या बेचक्यात फोड येऊन ते लंगडतं. मोठी जनावरं बहुतेक वाचतात, पण दूध आटतं. लहान वासरं मात्र बाहेर एक फोडही न दिसता अचानक मरतात, कारण विषाणू त्यांच्या हृदयाच्या स्नायूवर बसतो. सकाळी पाहून आलेलं वासरू दुपारी गेलेलं असणं मी अनेकदा पाहिलं आहे आणि त्याची सवय होत नाही.

लस देऊनही रोग का आला, हे मला नेहमी विचारलं जातं. याचे सात प्रकार: ओ, ए, सी, एशिया-१ आणि आफ्रिकेतले तीन सॅट. एकाची लस दुसऱ्यापासून वाचवत नाही. एका प्रकाराच्या आतही लशीतला आणि गोठ्यातला विषाणू पुरेसे जुळावे लागतात. सी प्रकार २००४ नंतर कुठेच दिसलेला नाही.

कोरांटीताई, तुम्ही व्हीपीजीबद्दल लिहिलंत. या विषाणूकडे त्याची तीन वेगवेगळी जनुकं एकापाठोपाठ आहेत, बाकीच्यांकडे सहसा एकच. त्याचं नवल मला अजून वाटतं.

---

गणिती

मी जीवशास्त्राचा नाही, आकडे पाहिले की हिशेब करावासा वाटतो. यांचं पॉलिमरेज साधारण दहा हजार अक्षरांमागे एक चूक करतं असं वाचलं आहे. मजकूर साडेसात हजारांचा. म्हणजे प्रतीमागे सरासरी पाऊण चूक. एका पेशीतून हजारो प्रती निघतात, तर मूळ मजकुराशी तंतोतंत जुळणाऱ्या त्यातल्या निम्म्याच्या आसपास. मग "पोलिओचा विषाणू" म्हणून आपण बोट नक्की कशावर ठेवतो?

---

कोरांटी

थव्यावर. एका नेमक्या मजकुरावर नाही, तर त्याच्याभोवती घोंगावणाऱ्या जवळच्या मजकुरांच्या थव्यावर.

तुमच्या हिशेबाचा पडताळा प्रयोगातही आला आहे, दोन्ही बाजूंनी. २००१ मध्ये रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध देऊन पोलिओच्या चुका वाढवल्या, तेव्हा चुका थोड्याच जास्त होऊनही विषाणूची जननक्षमता कोसळली. तो आधीच कड्याच्या टोकावर उभा असतो. उलट प्रयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. पॉलिमरेजमध्ये एकच अमिनो आम्ल बदललेला एक पोलिओ विषाणू सापडला, जो कमी चुका करतो. तो बलवान निघेल असं वाटेल. उंदरांमध्ये तो कमजोर ठरला. थव्यात विविधता नव्हती, म्हणून मेंदूपर्यंत पोचणं त्याला अवघड गेलं.

आणि याच कारणाने यांचा मजकूर आखूड आहे. याच वर्गातला शेजारचा गण म्हणजे निडोव्हायरेलीज, कोरोना विषाणूंचा. त्यांचा आरएनए सुमारे ३० हजार अक्षरांचा, कारण त्यांच्याकडे चूक खोडून पुन्हा लिहिणारं वेगळं प्रथिन आहे. पिकॉर्नाकडे खोडरबर नाही. एवढ्या चुका करणाऱ्या हाताने तीस हजार अक्षरं लिहिली तर अर्थच उरणार नाही.

---

मोहोळ

मधमाश्यांची माणसं इथे कमी, म्हणून मुद्दाम लिहिते. पेटीच्या दारात एखादी माशी येते, पंख सुरकुतलेले, पोट आखूड, उडता येत नाही, मग इतर माश्या तिला बाहेर ढकलतात. हा विकृत-पंख विषाणू. इफ्लाव्हिरिडी कुलातला, म्हणजे पोलिओच्या गणातला. हे नातं मला आजच कळलं आणि अंगावर काटा आला.

हा विषाणू पूर्वीही होता, पण दबून. व्हरोआ नावाचा कोळीवर्गीय परजीवी आला आणि चित्र बदललं. तो माशीच्या कोषाला भोक पाडून आतलं खातो आणि विषाणू थेट आत सोडतो. हवाई बेटांवर हे जवळजवळ डोळ्यांसमोर घडलं. २००७ मध्ये व्हरोआ तिथे पोचला. जिथे तो पसरला तिथे विषाणू असलेल्या वसाहती साधारण दहा टक्क्यांवरून शंभरापर्यंत गेल्या, आणि विषाणूचे आधी असलेले अनेक वाण जाऊन एकाच वाणाचं राज्य आलं. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

दुसरा सॅकब्रूड. अळी कोषात जाण्याऐवजी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. चिमट्याने उचलली तर अख्खी पिशवी उचलून येते. आशियाई मधमाशीतल्या त्याच्या वाणाने वसाहतीच्या वसाहती बसवल्या आहेत. मला ते पाहवत नाही, तरी दर हंगामात फण्या उघडून पाहतेच.

---

कोरांटी

मोहोळताई, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

कीटकांवरून आणखी एक, कारण याच्यासारखं दुसरं मला माहीत नाही. शेजारचं कुल डायसिस्ट्रोव्हिरिडी. त्यातला रातकिड्यांना लकवा आणणारा विषाणू १९७० मध्ये ऑस्ट्रेलियात सापडला. याच्या आरएनएवर एक नाही, दोन मजकूर आहेत आणि दोघांच्या मध्ये एक घडी घातलेला भाग. प्रत्येक प्रथिनाची सुरुवात मेथिओनिनने होते, त्याला आणणारा खास टीआरएनए आणि मदतनीस प्रथिनं लागतात, असं आपण शिकतो. हा मधला भाग त्यातलं काहीच घेत नाही. आरएनए स्वतःच टीआरएनएचं सोंग घेऊन रायबोसोमच्या खाचेत बसतो आणि विणकाम थेट अ‍ॅलनिनपासून सुरू होतं. एकही मदतनीस नाही. २००० च्या सुमारास हे दाखवलं गेलं.

कोळंबीचा तौरा रोगही याच कुलातला. १९९२ मध्ये इक्वाडोरमध्ये तो आला, तेव्हा सुरुवातीला दोष बुरशीनाशकांवर गेला. विषाणू नंतर ओळखला गेला.

---

सांजवेळ

लेखन आवडलं, तरी एक शंका मांडतो. हेलिकेज, कात्री, पॉलिमरेज असा क्रम जुळला म्हणून गाय, मधमाशी आणि शैवाल यांचे विषाणू एका छत्राखाली घ्यायचे, याचा उपयोग कोणाला? लाळ-खुरकुतीच्या डॉक्टरांना शैवालाच्या विषाणूचा काय फायदा? शिवाय उलट्या-जुलाब आणणाऱ्या नोरोव्हायरसचं कुल, कॅलिसिव्हिरिडी, अलीकडे याच गणात घेतलं आहे. त्याचं कवच तर वेगळं आहे. पिकॉर्नाच्या कवचाला तीन मुख्य प्रथिनं लागतात, नोरोव्हायरस एकाच प्रथिनाच्या १८० प्रतींनी कवच बांधतो. कवचाची प्रथिनंही तो वेगळ्या आखूड आरएनएवरून बनवतो. मग व्याख्या राहिली कुठे?

---

कोरांटी

शंका योग्य आहे आणि कॅलिसीचा मुद्दा मलाही खटकला होता. २००८ च्या प्रस्तावात तीन प्रथिनांचं कवच ही गणाची एक ठळक खूण होती. त्या मोजमापाने नोरोव्हायरस बाहेर राहायला हवा. आता भर पॉलिमरेजच्या वंशावळीवर आहे, आणि त्या झाडावर कॅलिसी याच फांदीवर बसतो. हेलिकेज, व्हीपीजी, कात्री, पॉलिमरेज हा क्रम त्याच्यातही आहे. माझं मत स्पष्ट सांगते: कवच म्हणजे अंगरखा, तो बदलतो. वंश मागच्या कारखान्यात दिसतो. म्हणून मी या निर्णयाच्या बाजूने आहे.

उपयोगाचं म्हणाल तर लाळ-खुरकुतीचंच उदाहरण घ्या. त्याच्या साखळीत २ए नावाचा जेमतेम १८ अमिनो आम्लांचा तुकडा आहे. तो कात्री नाही. तो विणला जात असताना रायबोसोम एक जोड बांधायचाच विसरतो आणि पुढे जातो, त्यामुळे एका विणकामातून दोन सुटी प्रथिनं निघतात. आज एका पेशीत दोन-तीन प्रथिनं एकाच जनुकातून हवी असली की जगभरच्या प्रयोगशाळा हा तुकडा किंवा त्याचे चुलत भाऊ मधे बसवतात. अशा तुकड्यांचा शोध पुढे कीटकांच्या विषाणूंतही घेतला गेला, आणि ते तिथेही मिळाले.

शैवालाबद्दल. हेटेरोसिग्मा अकाशिवो हे समुद्रात लाल लाटा आणून मासे मारणारं शैवाल. त्याचा विषाणू कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पाण्यातून मिळाला आणि त्याच सुमारास, २००३ मध्ये, त्या पाण्यात या घराण्याचे कितीतरी अनोळखी सदस्य आहेत हे जनुकीय मजकुरावरून दिसलं. त्यातल्या बहुतेकांचा यजमान कोण हे मजकुरावरून कळत नव्हतं. तरी ते याच घराण्यातले हे कळलं, ते पॉलिमरेजच्या खुणेवरून. वर्गीकरण नसतं तर तो मजकूर नुसता अक्षरांचा ढीग राहिला असता.

---

पायवाट

माझ्या मावशीला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर लावून ती आयुष्यभर चालली आणि तीस वर्षं नोकरी केली. त्यामुळे हा धागा मी वेगळ्या मनाने वाचतोय. तोंडाने द्यायच्या लशीतूनच पोलिओ पसरतो असं अधूनमधून कानावर येतं. यात खरं किती? कृपया सरळ सांगा.

---

कोरांटी

सरळच सांगते.

तोंडाने द्यायच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो दुबळा कशाने, याचं उत्तर वर आलेल्या आयआरईएसमध्ये आहे. पोलिओच्या तिन्ही प्रकारांच्या लशीत एकेक कळीचा अक्षरबदल त्याच घडीत आहे. तिसऱ्या प्रकारात ते ४७२ क्रमांकाचं अक्षर. त्या बदलामुळे चेतापेशींत त्याचं विणकाम नीट होत नाही. पण गणितींनी हिशेब केला आहेच. एवढ्या चुका करणारा विषाणू आतड्यात वाढताना ते अक्षर परत मूळचं करू शकतो, आणि आतड्यातल्या दुसऱ्या एखाद्या एन्टेरोव्हायरसशी, म्हणजे जवळच्या भाऊबंदाशी, तुकड्यांची अदलाबदलही करतो. जिथे बहुतेक मुलांनी लस घेतलेली असते तिथे त्याला पुढे जायला जागा मिळत नाही. जिथे लसीकरण विरळ असतं तिथे तो महिनोन् महिने फिरत राहतो आणि पुन्हा लकवा आणू शकतो. २००० मध्ये हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक इथे असा उद्रेक ओळखला गेला.

यातला दुसरा प्रकार सगळ्यात त्रासदायक. त्याच्या रानटी, म्हणजे लशीतून न आलेल्या, विषाणूचं निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, म्हणून २०१६ मध्ये तोंडाच्या लशीतून तो प्रकार काढला. तरी लशीतून निपजलेले उद्रेक थांबले नाहीत. मग नवी लस तयार केली. तिच्यात आयआरईएसची ती घडी अशी बदलली की एका अक्षराने ती उलटू नये, आणि पॉलिमरेजही कमी चुका करणारं घातलं. थव्याबद्दलचं ते प्रयोगशाळेतलं ज्ञान असं मुलांपर्यंत पोचलं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिला तातडीच्या वापराची मान्यता मिळाली.

तिसरा रानटी प्रकार २०१९ मध्ये संपल्याचं जाहीर झालं. रानटी विषाणूचा पहिला प्रकार तेवढा उरला आहे, अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात. तुमच्या मावशीला माझा नमस्कार सांगा.

---

पायवाट

ती आता नाही. पण हे तिला वाचून दाखवलं असतं. मनापासून आभार.

---

तळटीप

शेवटचा प्रश्न. पोलिओला लस आहे, हिपॅटायटिस ए ला आहे, मग साध्या सर्दीला का नाही? तीही याच कुलातली ना?

---

कोरांटी

हो, सर्दीचा मुख्य विषाणू राइनोव्हायरस पोलिओच्याच प्रजातीत, एन्टेरोव्हायरसमध्ये बसतो. पोलिओचे तीन प्रकार, हिपॅटायटिस ए चा एकच, राइनोव्हायरसचे दीडशेहून अधिक. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्याला फारशी अडवत नाहीत. कवचाच्या बाहेरच्या पृष्ठावर तो इतके बदल पेलतो. हिपॅटायटिस ए चं कवच मात्र बदल सहन करत नाही, म्हणून एक लस पुरते.

आणि एक काळजी घ्या: यांना चरबीचं आवरण नसल्यामुळे अल्कोहोलचं सॅनिटायझर यांच्यावर, विशेषतः नोरोव्हायरसवर, कमी चालतं. साबण आणि वाहतं पाणी, नीट चोळून.

---

खिल्लारी

साबणावरून गोठ्याचं सांगतो. पोलिओ पोटातल्या आम्लातून सहीसलामत आतड्यात जातो. लाळ-खुरकुतीचा विषाणू आम्लात टिकत नाही, पीएच साडेसहाच्या खाली गेला की कवचाचे तुकडे होतात. राइनोव्हायरसही आम्लात मरतो, म्हणून तो नाकात राहतो, आतड्यात नाही. लाळ-खुरकुतीचं जनावर कापल्यावर मांस आंबत जातं तसा स्नायूतला विषाणू मरतो, पण लसिकाग्रंथी आणि हाडातल्या मगजात तो टिकून राहतो. म्हणून साथीत हाडं उघड्यावर टाकू नयेत.

गोठ्यासाठी ४ टक्के धुण्याच्या सोड्याचं पाणी चालतं. आधी शेण-माती घासून काढा, मग सोड्याचं पाणी मारा. शेणाच्या थराखाली ते पोचत नाही. बूट आणि गाडीची चाकंही त्याच पाण्याने धुवा. मी स्वतः एका गोठ्यातून दुसऱ्यात जाताना बूट धुतल्याशिवाय पाऊल टाकत नाही.